ओटीपी बायकोच्या फोनवर

मोर्शीच्या बँकेत पैसे काढायच्या रांगेत माझ्या पुढे दोघं उभे होते.

"जानरावभाऊ, कार्ड असून रांगेत काहून?"

"पयले चोरानं कार्डाची नक्कल केली, गोपाल. म्हनून बँकेनं चिपवालं कार्ड देल्लं. आता चोर फोन करून ओटीपीच मागते."

"देल्ला काय?"

"ओटीपी तं बायकोच्या फोनवर येते. म्हटलं, तिलेच माग."

"मंग?"

"तिनं त्याले गाव इचारलं, बापाचं नाव इचारलं, सोयरे कोन्या गावचे थे इचारलं. त्यानं फोनच कापला."

"वाचले ना मंग पैसे!"

"वाचले. पन एटीएममधून जास्त काढाले मलेही ओटीपी लागते. तिले मागतला, तं म्हनते, पैसे कायले पाह्यजेत?"

"सांगून द्या ना."

"चोराले फोन तरी कापता आला. मी कुठी जाऊ?"