कोरड्या चपला

माझा जन्म हडपसरचाच, पन आत्ता तुम्ही बघताय ते हडपसर न्हवं ताई, तवा कालव्याच्या कडेनं कांद्याचं मळं व्हतं आन् आमची वस्ती त्याच्या पल्याड. बाप मार्केट यार्डात हमाल, आई तिथंच कांदा निवडायला. आज्यानं छप्पन सालानंतर धम्म घेतलेला, त्यामुळं घरात देव न्हवतं, पंचशील व्हतं, रोज तिन्हीसांजेला हात जोडून म्हनायचं. बाप शाळा शिकला न्हवता पन चौथ्या शीलाला आला की थांबायचा आन् आमच्या तोंडाकडं बघायचा. खोटं बोलायचं न्हाई. बाकीचं चुकलं तर बघू, हे चुकायचं न्हाई, म्हनायचा. हे आधीच सांगून ठेवतो, पुढं लागंल तुम्हाला.

चपलेचं पन सांगतो. सातवीपर्यंत मी अनवानी. मंग बापानं टायरच्या चपला आनल्या, एक जोड, पावसात तीच, उन्हात तीच, मामाच्या लग्नात तीच. मानसाकडं दोन जोड असत्यात हे मला ठाऊकच न्हवतं. आन् असल्या मानसानं पुढं जाऊन जे केलं ते केलं, काय सांगू तुम्हाला.

मी आधी एका कारखान्यात हेल्पर व्हतो, तो बंद पडला. त्याच टायमाला मळ्यांमदी काचेच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या, कॉम्प्युटरच्या. ज्या वावरात मी लहानपनी कांदा उपटला तिथं गेटवर वॉचमन मला इचारतो, कुनाला भेटायचंय. असू द्या. लायसन व्हतं, एका मालकाची सतरा सीटर गाडी चालवायला घेतली, सोम ते शुक्र त्या पोरा-पोरींना घरनं आनायचं आन् सोडायचं, आन् पावसाळ्यात शनिवारी धबधब्याला न्यायचं. नवीनच खूळ निघालं व्हतं तवा. आठवडाभर एसीत बसायचं आन् शनिवारी चिखलात लोळायला डोंगरात जायचं. आम्ही डोंगरात जायचो ते लाकडाला, त्याला ट्रेक म्हनत्यात हे कुनाला म्हाईत.

तर आता माझी पद्धत ऐका, सगळं त्याच्यावरच हाय. गाडीत वल्ले बूट आनायचे न्हाईत असा मालकाचा दंडक. म्हनून साहेब लोक काय करायचे, येताना कोरड्या चपला घालून यायचे, धबधब्याला उतरताना बूट घालायचे आन् चपला माझ्यापाशी ठेवायचे. मी त्या दाराच्या पायरीवर वळीनं लावायचो. परत आले की वल्ले बूट डिकीत, चपला पायात, आन् आत. पायरी मोकळी झाली म्हनजे सगळे आले. डोकी मोजत बसायचं काम न्हाई, आन् डोकी मोजलेली त्यांना आवडायची पन न्हाई, आम्ही काय शाळेतली पोरं का, म्हनायचे. तीन पावसाळे मी चपलांवर गाडी चालवली, एक मानूस मागं राहिलं न्हाई. दुसऱ्या ड्रायव्हरांना सांगायचो मी, छाती फुगवून.

त्या वर्षी एका ऑफिसची ट्रिप निघाली, अभयारन्यात, आत तासभर चढून गेलं की धबधबा लागतो. जागेचं नाव सांगत न्हाई, त्या जागेचा दोष न्हाई. पंधरा पोरं-पोरी आन् पारूबाई. पारूबाई म्हनजे त्या ऑफिसात चहा करनारी मावशी, पन्नाशीची, नवरा वारलेला, एक लेक लग्नाची. अमेय सर म्हनून त्यांचे मोठे साहेब व्हते, म्हनजे वय असंल अठ्ठावीस, ते म्हनाले, मावशी, तुम्ही पन चला, पिकनिक करा. आन् बरोबर स्टो, कढई, बेसन, कांदे. पिकनिक कसली ती, ऑफिस उचलून डोंगरात नेलं व्हतं. पन पारूबाई खूश व्हती, खरं सांगतो. नवी साडी नेसून आली, सगळ्यात मागच्या सीटवर सामानापाशी बसली, घाट लागला तसं पुढं हाक मारून म्हनाली, सुदाम, हे सगळं पुन्याच्या एवढं जवळ व्हतं व्हय रं?

नाक्यावर जंगलखात्याच्या गार्डानं बजावून सांगितलं, प्लास्टिक आत टाकायचं न्हाई, जेवढं न्याल तेवढं परत आना. साहेब लोक हो हो म्हनाले. ऐकलं फक्त पारूबाईनं.

मी गाडीपाशी थांबलो. दुपारी तीनच्या सुमाराला पाऊस असा काय धरला की समोरची झाडं दिसंनात, ओढ्याला पानी वाढलं आन् पोरं घाबरून खाली पळत सुटली, आधी नऊ आली, मंग सहा. ह्या नवांना वाटलं मावशी मागच्यांबरोबर हाय, सहांना वाटलं पुढं गेली. आन् ती वर बसून कढई विसळत व्हती, यांच्या प्लेटा, यांच्या पिशव्या गोळा करत व्हती, गार्डानं सांगितलं व्हतं ना. बूट डिकीत गेले, चपला पायात गेल्या, पायरी मोकळी झाली. मी दार लावलं.

ताई, पारूबाईला एकच जोड व्हती. रबरी सलपाटं, सकाळी पायात घालून आली आन् तीच घालून वर गेली. पायरीवर तिचं काही न्हवतंच.

एवढंच असतं तर मी त्याला चूक म्हनलो असतो. पन गाडी वळवून रस्त्याला लावली तवा आरशात बघितलं, तर पावसात एक बाई पळत येत व्हती, डोक्यावर पोत्याची खोळ, हात वर. मला वाटलं, कनसं इकनारी गावातली बाई हाय, लिफ्ट मागतीय. साहेबांच्या गाडीत असली मानसं घ्यायची न्हाईत. माझा पाय ब्रेकवर गेला. मंग काढला. माझी आई अशीच खोळ घेऊन यार्डातनं यायची, आन् मी पाय काढला.

घाट उतरून तासाभरानं चहाला थांबलो. अमेय सर मागं वळून म्हनाले, मावशी, तेवढी माझी पिशवी द्या. कोन न्हाई. सगळे माझ्याकडं बघाय लागले. सुदाम, तू मोजले न्हवते का? आन् त्या वक्ताला मला कळलं, ती खोळ कुनाची व्हती. कांदे नेलेलं पोतं. गाडी फिरवली असती तर तासाचा रस्ता, उजेड व्हता अजून. पन माझं काम जाईल, मालक काय म्हनंल, ह्या भीतीनं तोंडातनं आपोआप निघालं, साहेब, तिची भाची तिथंच गावात दिलीय, तिच्याकडं उतरते, उद्या यष्टीनं येते, असं मला सांगून गेली.

लगेच सगळ्यांचे चेहरे सैल झाले. एक पोरगी म्हनाली, आम्हाला सांगायचं तरी. सर म्हनाले, हे काय बरोबर न्हाई, आपली जबाबदारी असते. आन् चहा प्याले. मी पन प्यालो. मी परत गेलो न्हाई, त्या दिवशी न्हाई आन् दुसऱ्या दिवशी पन न्हाई. रविवारभर घरात पडून व्हतो, बायकोला म्हनलं अंग दुखतंय.

सोमवारी गेटवर ती दिसली आन् माझा जीव भांड्यात पडला. लंगडत व्हती. नाक्यावरच्या गार्डाच्या बायकोनं तिला ठेवून घेतलं, भाकरी दिली, सकाळी यष्टीत बसवून दिली. हे मला दुसऱ्याकडनं कळलं, मी गाडीच्या मागं लपलो व्हतो, पन्नास वेळा सांगितलं तरी खरं हाय ते, एवढा बाप्या मानूस गाडीच्या मागं लपलो.

अकराला मला वर बोलावलं. अमेय सर, तो हाउसकीपिंगचा कॉन्ट्रॅक्टर आन् पारूबाई उभी. सर म्हनाले, सुदाम, ह्या म्हनतात त्यांना भाची बिची न्हाई, त्यांनी तुला काही सांगितलंच न्हाई. खरं काय? तिथं माझ्या हातात व्हतं. मी म्हनलं, सांगितलं व्हतं साहेब. पावसात इसरली असंल. पारूबाईनं माझ्याकडं बघितलं. भांडली न्हाई, रडली न्हाई. म्हनाली, बरं. तिसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरनं तिला सांगितलं, उद्यापास्नं येऊ नको, न सांगता जानारी बाई आम्हाला नको. पुढं तिनं चार घरची धुनीभांडी केली म्हनं.

आन् मला त्या दिवाळीला साहेबांनी मिठाईचा डबा दिला, भरवशाचा मानूस म्हनून. डबा मी घरी नेला, पोरांनी खाल्ला.

तवापास्नं विहारात मी मागं बसतो, दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ. सगळे पंचशील म्हनत्यात, चौथं आलं की माझं नुसतं तोंड हालतं. बाप गेला त्याच्या आदल्या साली एकदा वळून बघत व्हता माझ्याकडं. त्याला कळलं असंल का, मला म्हाईत न्हाई. लाज ही अशी हाय ताई, वर्षं झाली तरी शिळी व्हत न्हाई.

आता गाडी सोडली. माझी लेक तसल्याच एका कंपनीत हाय, तीबी जाते धबधब्याला, गॅलरीत तिच्या बुटांचे चार जोड वाळत असत्यात. ते बघून बघून शेवटी मला राहवंना. पारूबाई हडपसरच्या पल्याड मांजरी गावात लेकीकडं असते असं कळलं, गेल्या उन्हाळ्यात गेलो. दारात शेंगा फोडत बसली व्हती, ओळखलं मला. मी पाय धरले. म्हनलं, मावशी, मी तुम्हाला आरशात बघितलं व्हतं. ती म्हनाली, म्हाईत हाय. तुझ्या गाडीचं लाल दिवं एकदा लागलं व्हतं.

एवढी वर्षं तिला म्हाईत व्हतं.

मी म्हनलं, माफ करा. ती म्हनाली, माफी बिफी ठेव तुझ्यापाशी. तू ज्यांच्यापुढं बोललास ना, त्यांच्यापुढं जाऊन खरं बोल. मी न सांगता जानारी बाई न्हाई, एवढं त्यांना सांग. मंग ये चहाला.

गेलो मी. बिल्डिंगीवर दुसऱ्याच कंपनीची पाटी. जुनी मानसं कुठं गेली कुनाला ठाऊक न्हाई, अमेय सर अमेरिकेला. वॉचमन म्हनाला, बाबा, कुनाला भेटायचंय? काय सांगनार त्याला.

म्हनून विहारातल्या पोरांनी, एक ताई मानसांच्या हकिगती लिहून छापत्यात, असं तुमचं नाव सांगितलं तवा हो म्हनलं. माझ्या आयुष्यात लिहिन्यासारखं काय न्हाई, बापाचं, यार्डाचं गाळलं तरी चालंल. पन हे नीट लिहा. पार्वतीबाई गेनू जाधव. तिनं मला काहीएक सांगितलं न्हवतं. ती मागं राहिली कारन मी तिला मोजलं न्हाई, आन् दिसली तवा थांबलो न्हाई, आन् इचारलं तवा खोटं बोललो. छापून आलं की दोन प्रती द्या मला, एक मांजरीला नेतो, तिची लेक तिला वाचून दाखवील. मंग चहा देते का दारातनं हाकलते, ते तिचं तिनं ठरवावं. तुमचं भलं व्हईल ताई, तेवढं तिचं नाव मात्र चुकवू नका.