खत काकडीला की विहिरीला

घाबरू नको तर काय करू? तुम्हीच सांगा! ड्रम रिकामा, लाईट गेलेली आणि पाइपाला झडप नाही... थांबा, तुम्हाला झडप म्हणजे काय ते कळायचं नाही, मला तरी आधी कुठं कळत होतं. घरामागे काकडी आहे, बायकोची. बायकोची म्हणजे राबायचं मी आणि काकडी तिची. ठिबकचं पाणी आहे, आणि त्याच पाण्यातून खत द्यायचं. ड्रममध्ये निळं खत कालवायचं, बारीक नळी आत सोडायची, विहिरीवरचा पंप लावला की पाण्याबरोबर खत ओढलं जातं आणि थेंब थेंब मुळाशी पडतं. किती सोपं! फक्त पंप मध्येच थांबला तर पाइपातलं खताचं पाणी उलटं विहिरीत जाऊ नये म्हणून एक झडप असते. ती मी काढली होती.

का काढली? आमचे शेजारी! आयुष्यात रोप लावलं नाही, पण सल्ला फुकट. कुंपणावर कोपरं टेकून म्हणाले, "अहो, ती झडप पाणी अडवते हो. काढा, मग बघा कसं धो धो येतंय." काढली. बायकोनं बजावलं होतं, "त्या झडपेला हात लावाल तर याद राखा." म्हणून तिला न सांगता काढली.

तर त्या सकाळी पंप लावला आणि शेडमध्ये पोत्यावर जरा टेकलो. टेकलो म्हणजे... झोपलोच. जाग आली तर सगळीकडे चिडीचूप. लाईट गेलेली. ड्रममध्ये डोकावतो तर तळ दिसतोय! आता हे खत गेलं कुठं? काकडीला की विहिरीत? आणि घराच्या टाकीतही विहिरीचंच पाणी! तेवढ्यात लाईट आली आणि घराकडून टाकीची मोटर सुरू झाल्याचा आवाज... घाबरू नको तर काय करू?

धावत घरात आलो. नळाचा ग्लास भरला, उजेडात धरला. निळा दिसला. मग वाटलं, आकाशासमोर धरलाय म्हणून असेल, भिंतीसमोर धरला. आमची भिंतही निळी आहे.

वळून बघतो तर सासूबाई चहाचा कप तोंडाला लावतायत. आधीच गुडघ्यांनी बेजार, काठीशिवाय पाऊल उचलत नाहीत, हृदयाच्या गोळ्या चालू. मी कप ओढला. "आई, गार झालाय, गरम करून देतो." "अहो जावईबापू, जीभ पोळतेय माझी!" ओतला बेसिनमध्ये. बायकोनं दुसरा केला, तोही ओतला. सांगावं तर झडप सांगावी लागते, आणि न सांगावं तर सासूबाई... मला सांगा, माणसानं काय करावं? तिसरा कप मी धरेपर्यंत दोन घोट गेले. गळ्यातून खाली उतरताना पाहिले मी ते घोट! वर सासूबाई म्हणतात, "आज जरा गरगरतंय गं मला."

झालं. माझा धीर सुटला. "आई, थुंका! विष आहे ते! मी झडप काढलीय!"

काय सांगू तुम्हाला, सासूबाई ज्या उठल्या त्या तडक बेसिनवर. काठी राहिली खुर्चीलाच. मी रडतोय. खरंच रडत होतो हो, लाज कसली, जिवापेक्षा का लाज मोठी? बायको मात्र एक अक्षर बोलली नाही. घाबरू नको तर काय करू, ती बोलते तेव्हा मी एवढा घाबरत नाही! विहिरीतून बादलीभर पाणी काढलं, पांढऱ्या पातेल्यात ओतलं. स्वच्छ. शेतात गेली, शेवटच्या नळीचं टोक उघडलं. निळंशार पाणी! खत सगळं काकडीला पोचलं होतं, लाईट त्यानंतर गेली. कुणी खत प्यायलं नव्हतं. घरी येऊन एवढंच म्हणाली, "पाना आणा."

सुटलो म्हणता? सासूबाई बेसिनपाशी उभ्या. स्वतःच्या पायांकडे बघतायत. चार पावलं चालल्या, वळल्या, परत चालल्या. म्हणाल्या, "दुखत नाही गं!" लेकीनं समजावलं, मी समजावलं, साधंच पाणी होतं, भीतीनं उठलात. ऐकतील तर शपथ! "मी काय प्यायले ते मला कळतं. जावयाच्या हाताला गुण आहे."

आता रोज सकाळी मला ते पाणी द्यावं लागतं. आतून दार लावतो, नळाचं साधं पाणी पेल्यात ओततो, उगाच चमचा वाजवतो. खरं सांगितलं तर गुडघे परत दुखायला लागतील, नाही सांगितलं तर एक दिवस खोटं पकडलं जाईल. घाबरू नको तर काय करू? काल घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "आज खत कमी पडलं का हो? गुडघा जरा कुरकुरतोय. उद्या वाढवा."

वाढवतो, म्हटलं. मोठा पेला घेतलाय.