सदतीस कोकरं आणि चौथी गोष्ट

व्यंकटराव : ऐक, मल्हारी. जगातलं कोणतंही राज्य घे, चार गोष्टींवर उभं असतं. पहिली, लोक. दुसरी, भूमी. तिसरी, सरकार. आणि चौथी, जिच्यावाचून पहिल्या तिन्हींना कवडीची किंमत नाही, जी साऱ्या राज्याचा प्राण आहे, ती म्हणजे...

मल्हारी : म्हंजी?

व्यंकटराव : इथं तेल सांडलंय.

मल्हारी : कुठं?

व्यंकटराव : वहीवर. कंदिलाचं. अक्षर लागत नाही.

मल्हारी : मंग नसंल ती येवढी कामाची. कारकूनसाहेब, तिनावर भागवा आन नदीपल्याडच्या माह्या मेंढ्या इकडं येऊ द्या. सदतीस कोकरं सकाळपासून उपाशी हायेत.

व्यंकटराव : कामाची नाही कशी? तिच्यामुळंच तर तुझ्या मेंढ्या पलीकडं अडकल्या.

मल्हारी : त्या अडकल्या न्हाईत, तुमी अडकवल्या. सकाळी आमची कारभारीन कोकरं इथं ठेवून त्यांला चारायला घेऊन पानी उतरून गेली, तवा तुमी नाक्यावर ह्याच खुर्चीत होता. हात केला तुमी तिला.

व्यंकटराव : सकाळी ती नदी होती. बारा वाजता सेनगावाहून स्वार हुकूम घेऊन आला. बारापासून ती सरहद्द आहे.

मल्हारी : पानी तर तेवढंच हाय. गुडघाभर.

व्यंकटराव : सरहद्द पाण्यानं मोजत नाहीत, मल्हारी.

मल्हारी : हुकमात हाय तरी काय?

व्यंकटराव : 'पलीकडील मुलखातून कोणाही इसमाने कोणतेही जनावर दाखल्याशिवाय आणू नये.' गेल्या श्रावणापासून तिकडं वऱ्हाडात दुसरं राज्य झालं. इकडं आपलं निजामसरकार आहे ते आहेच. म्हणजे तुझ्या मेंढ्या आज रोजी परराज्यात आहेत.

मल्हारी : अहो, दिसून राहिल्या की त्या! ती पांढऱ्या कानाची बघा, शेंगा खाऊन राहिली बाभळीखाली.

व्यंकटराव : परराज्य दिसतं म्हणून जवळ नसतं.

मल्हारी : मंग द्या दाखला.

व्यंकटराव : तो हिंगोलीत मिळतो.

मल्हारी : जाऊन येऊस्तोवर दोन दिस. तवर कोकरं दाखला न घेताच वर जातील. त्यापरीस मीच कोकरं तिकडं नेतो, मायला पाजतो आन घेऊन येतो.

व्यंकटराव : जनावर बाहेर नेणं? ते तर पहिलंच कलम. त्याला शिक्षा जास्त आहे.

मल्हारी : म्हंजी माय इकडं यायची न्हाई, लेकरू तिकडं जायचं न्हाई. आन ह्याला राज्य म्हन्तेत.

व्यंकटराव : हळू बोल. दिवस मावळायच्या आत गस्त येते. ते आधी बंदुकीचा बार टाकतात आणि मग विचारतात कोण आहे.

सिंधूबाई : (पलीकडच्या काठावरून) ओ मसाजीचे बा! काय म्हन्तो तुमचा साहेब? मेंढ्यांच्या कासा ताठल्या. हात लावू देऊन न्हाई राहिल्या!

व्यंकटराव : बाई, ओरडू नका. परराज्यातून सरकारी नाक्याशी बोलायची एक रीत असते.

सिंधूबाई : सकाळी तुमाला लोटाभर ताक दिलं, तवा कोनती रीत होती?

व्यंकटराव : तेव्हा तुम्ही आमची रयत होता.

सिंधूबाई : आन आता?

व्यंकटराव : आता... परकीय.

सिंधूबाई : ऐकलं का, मसाजीचे बा? मी परकी झाली. पोरायला सांगा तसं. आजपासून भाकरी तुमीच थापा.

मल्हारी : साहेब, राज्याचं तुमी बघून घ्या. हे मातर मला झेपायचं न्हाई.

व्यंकटराव : कायदा म्हणजे कायदा.

मल्हारी : बरं, मला एक समजून सांगा. लोक म्हंजी मी.

व्यंकटराव : बराबर.

मल्हारी : भूमी म्हंजी ही पायाखालची. मंग सरकार म्हंजी कोन?

व्यंकटराव : इथं, ह्या नाक्यावर, मी.

मल्हारी : तुमी येकटेच?

व्यंकटराव : मी, ही खुर्ची, हा शिक्का आणि हा कंदील.

मल्हारी : खुर्चीला तीन पाय हायेत.

व्यंकटराव : चौथ्या ठिकाणी धोंडा लावलाय.

मल्हारी : आन कंदील चार दिसापासून लागलेला न्हाई. आमी माळावरून बघतो ना. समदा अंधार.

व्यंकटराव : काडेपेटी भिजली.

मल्हारी : वैशाखात? पाऊस कुठं पडला?

व्यंकटराव : ते सरकारी गुपित आहे.

मल्हारी : ह्या वहीत मेंढपाळाचं काही लिवलंय का?

व्यंकटराव : रयतेचं आहे. 'रयत अर्ज करते, नागरिक प्रश्न विचारतो.'

मल्हारी : मी तर दुपारपासून दोनी करून राहिलो. मंग मी कोन?

व्यंकटराव : तू तकलीफ आहेस.

मल्हारी : तुमी तर सरकारी कागद उर्दूत लिवता. ही मराठी वही कुनाची?

व्यंकटराव : माझ्या मुलाची. औरंगाबादेला शिकत होता.

मल्हारी : होता?

व्यंकटराव : हो, होता. त्याच्या पुढचं विचारू नको. गस्तवाले विचारतात तेवढं पुरे आहे.

मल्हारी : काय सांगता त्यांला?

व्यंकटराव : मला मुलगा नाही म्हणून सांगतो.

मल्हारी : आन वही सापडली तर?

व्यंकटराव : पहिलं पान फाडलंय. त्याच्यावर नाव होतं.

मल्हारी : साहेब...

व्यंकटराव : कोकरांचं बोल. माझं राहू दे.

मल्हारी : कोकरांचंच बोलून राहिलो. मी आता पान्यात उतरतो, मेंढ्या हाकतो आन घेऊन येतो. तुमी काय कराल?

व्यंकटराव : मी काही करणार नाही. बसल्या जागी बसेन. पण तुझ्या मेंढ्या पलीकडं गेल्यात हे दुपारच्या स्वारानं डोळ्यांनी बघितलंय. संध्याकाळी त्या इकडं दिसल्या की जाब मला विचारतील. आणि ज्याला मुलगा नाही त्याच्यावर त्यांची आधीच नजर आहे.

मल्हारी : म्हंजी तुमचं पोरगं वाचवायला माही लेकरं मारायची.

व्यंकटराव : तसं म्हण हवं तर. मी दुपारपासून वही उगाच वाचत नाही. तिच्यात कुठं वाट सापडते का बघतोय.

सिंधूबाई : काय वाचून राहिले ते? येवढा येळ लागते व्हय वाचायला?

मल्हारी : राज्याच्या चार गोष्टी सांगून राहिले!

सिंधूबाई : लोक, भुई, सरकार आन समद्यावरचा शब्द! त्याच ना? त्या मला पाठ हायेत!

व्यंकटराव : काय म्हणाल्या त्या?

मल्हारी : पाठ हायेत म्हन्ते.

व्यंकटराव : बाई! तुम्हाला कुणी सांगितल्या?

सिंधूबाई : इथं एक पोरगं बसते ना बाभळीखाली. निजामावर उठलेल्या पोरायचे कापडी तंबू हायेत इकडं मागं, तिथलं. गुराख्यायला, मेंढक्यायला गोळा करते आन सांगते. कुनी ऐको न ऐको. परवा तर निस्त्या बकऱ्या होत्या पुढं, तरी सांगून राहिलं होतं.

व्यंकटराव : चौथी... चौथी काय म्हणाला तो?

सिंधूबाई : जिच्यावर दुसऱ्या कुनाचा हुकूम चालत न्हाई, ती. नाव लई लांबलचक हाय, जिभंवर बसत न्हाई. आन म्हन्ते, ती राजाच्या पेटीत नसती. लोकायजवळ असती.

व्यंकटराव : वहीत तसं नाही.

मल्हारी : तेलाखाली असंल.

व्यंकटराव : असेल. बाई, तो... खोकतो का?

सिंधूबाई : कोन?

व्यंकटराव : तो... परकीय.

सिंधूबाई : खोकते ना. पहाटंला लई. आमची एक घोंगडी दिली मी त्याला. नाक बघा, कारकूनदादा, हुबेहूब तुमच्या...

व्यंकटराव : ओरडू नका, बाई! नाकं सगळ्यांची सारखीच असतात!

मल्हारी : गप गं! समजलं आमाला.

व्यंकटराव : चष्मा कसला आहे? तो दांडीला दोरा बांधलेला?

मल्हारी : दोरा हाय का गं?

सिंधूबाई : हाय! काळा!

मल्हारी : साहेब, बसा. धोंडा सरकल खुर्चीचा.

व्यंकटराव : बसलोय. मल्हारी, तो हुकूम दे इकडं. पुन्हा एकदा वाचतो. 'कोणाही इसमाने कोणतेही जनावर आणू नये.' आणू नये. मेंढी आपण होऊन आली तर?

मल्हारी : मेंढी आपण होऊन पान्यात पाय घालत न्हाई. कोनी हाकल्याशिवाय न्हाई उतरत. पर...

व्यंकटराव : पर काय?

मल्हारी : कोकरानं साद घातली तर उतरते. मी वाघूर उचलतो, ही जाळी, आन कोकरं काठावर आनून उभी करतो. बास. पुढं मी काहीच करत न्हाई.

व्यंकटराव : कोकरांचा पाय पाण्याला लागता कामा नये. तो माल बाहेर गेला असं होईल.

मल्हारी : न्हाई लागनार.

व्यंकटराव : आणि पलीकडून बाईंनी मेंढ्या हाकायच्या नाहीत. हातात काठीसुद्धा नको. तोंडानं आवाज नको.

मल्हारी : मसाजीचे माय! काठी टाक! आन तोंड मिट!

सिंधूबाई : काठी टाकली. तोंडाचं बघते. पर मला येक सांगा, माहं काय? हुकमात मी इसम हाय का जनावर?

व्यंकटराव : तुमच्याबद्दल हुकुमात काहीच नाही, बाई.

सिंधूबाई : कवा असते? येवढी येक गोष्ट दोनी राज्यात सारखी.

मल्हारी : साहेब, तुमी तिकडं तोंड करून बसा. सेनगावच्या वाटंकडं.

व्यंकटराव : मला शिकवू नको. मी खुर्ची कधीच फिरवली. उचल जाळी.

(मल्हारी वाघूर उचलतो. सदतीस कोकरं काठावर येतात आणि एकदम ओरडू लागतात. पलीकडच्या मेंढ्या माना वर करतात.)

व्यंकटराव : काय झालं? उतरल्या?

मल्हारी : कान टवकारले. उभ्या हायेत.

व्यंकटराव : मल्हारी, वाटेवर धुरळा दिसतोय.

मल्हारी : गाडी असंल कुनाची.

व्यंकटराव : गाडीचा धुरळा मागं राहतो. हा वर उठतोय. घोडे आहेत.

मल्हारी : पांढऱ्या कानाची काठाला आली. वास घेऊन राहिली पान्याचा. ये गं. ये माय.

व्यंकटराव : तू बोलायचं नाही! तू इसम आहेस!

मल्हारी : मी देवाला म्हन्लं.

व्यंकटराव : दोन घोडे. नाही, तीन.

मल्हारी : मागं फिरली.

व्यंकटराव : कोण, घोडे?

मल्हारी : पांढऱ्या कानाची. मागं फिरली, साहेब. पान्याला भेली.

व्यंकटराव : तिचं कोकरू कुठलं?

मल्हारी : हे काळ्या तोंडाचं. हे ओरडूनच न्हाई राहिलं. थकलं.

व्यंकटराव : ओरडव त्याला. चिमटा काढ. जनावराला चिमटा काढू नये असं कुठंही लिहिलेलं नाही.

मल्हारी : ओरडलं! फिरली! शिरली, साहेब, शिरली! आन मागं समद्या! एकीच्या पाठीवर एक!

व्यंकटराव : सगळ्या?

मल्हारी : धा उतरल्या... आल्या... अहो, मोजू कशाला, समद्या आल्या! बघा ना इकडं!

व्यंकटराव : मी बघितलं तर सरकारनं बघितलं असं होईल. ऐकतोय मी. ओरडणं थांबलं ना कोकरांचं?

मल्हारी : तोंडात कास हाय. आता कशाला ओरडतील?

व्यंकटराव : चल, मग. घोडे वाटेवरच्या ओढ्याच्या अलीकडं आले. तू खाली बैस. विचारलं तर काही बोलू नको. मी बोलतो.

मल्हारी : काय बोलाल? मेंढ्या तर ओल्या हायेत.

व्यंकटराव : खरं तेच बोलेन. आज मावळतीच्या सुमारास परराज्यातल्या इतक्या जिवांनी, कोणी न हाकता, स्वखुशीनं, निजामसरकारच्या आश्रयाला येणं पसंत केलं. तसा कागदच करतो.

मल्हारी : खरं वाटंल त्यांला?

व्यंकटराव : आनंदच होईल. गेल्या श्रावणापासून तिकडून इकडं आपल्या मनानं कुणीच आलेलं नाही. ह्या पहिल्याच.

मल्हारी : तुमी सरकार शोभता, साहेब.

सिंधूबाई : मी येऊ का आता? का मला बी कोकरानं हाक मारावी लागते?

व्यंकटराव : नाही, बाई! पाण्यात पाय घालू नका! गस्त आली. ते जाईपर्यंत बाभळीआड थांबा.

सिंधूबाई : थांबते. त्या पोरापाशी बसते. घोंगडी बी घ्यायची हाय माही.

व्यंकटराव : घोंगडी राहू द्या त्याच्याकडं.

सिंधूबाई : राहू देते. काही निरोप हाय का, कारकूनदादा? घरी ये म्हनू?

व्यंकटराव : नाही. इकडं येऊ नको म्हणा.

सिंधूबाई : येवढंच?

व्यंकटराव : वही माझ्याकडं आहे म्हणा. अक्षर जरा मोठं काढत जा म्हणा.

मल्हारी : साहेब, घोडे आले. आटपा.

सिंधूबाई : आनखी काही?

व्यंकटराव : त्याच्याजवळ असेल तर एक काडेपेटी मागा. आणि ह्या खेपेला डोक्यावर धरून आणा, बाई. मागची तुम्ही पदराच्या टोकाला बांधून भिजवली होती.