खुणांच्या बातम्या

(मामाच्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानामागची खोली. दुपार. मामी खिडकीशी शिलाईयंत्रावर बसली आहे. तिला ऐकू येत नाही. ती समोरच्याचे ओठ वाचते.)

भाची: ...म्हणून म्हटलं, फोनवर सांगण्यापेक्षा येऊनच सांगावं.

मामा: थांब, तोंड भिंतीकडे करून बोल. ती बघतेय. बंद म्हणजे अगदी पूर्णच बंद?

भाची: पूर्ण. शुक्रवारचं शेवटचं बातमीपत्र. सोमवारपासून पडद्याच्या कोपऱ्यातला चौकोन नाही, त्यात खुणा करणारी मी नाही.

मामा: तुला दुसरं काहीतरी देतील की. सहा वर्षं राबलीस त्यांच्याकडे.

भाची: हातांनी बातम्या सांगण्याखेरीज मला काय येतं, मामा? तेही मामीनं शिकवलं म्हणून. माझं राहू दे, मी कुठल्यातरी शाळेत लागेन. मामी दिवसभर त्या वीस मिनिटांची वाट बघते. तिचं काय?

मामा: डोकी फिरलीत लेकाच्यांची. इतके लोक बघतात आणि हे बंद करायला निघालेत. आपल्या एवढ्याशा गावात बघ ना...

भाची: किती?

मामा: काय किती?

भाची: आपल्या गावात किती घरांत बघतात?

मामा: एकोणीस. मामीच्या ओळखीतली, ऐकू न येणारी सगळी. तो छापखान्यातला, त्या दोघी शिक्षिका बहिणी, बेकरीच्या मागचं ते जोडपं. मी स्वतः शिडी लावून डिश बसवल्यात. घोटा मुरगळला होता तेव्हा, आठवतंय?

भाची: साहेबांनी मला ग्राहकांची यादी दाखवली. या गावातून खुणांच्या बातम्या घेणारं घर एकही नाही. मी म्हटलं, साहेब, माझी सख्खी मामी बघते. तर म्हणाले, मग शोध तिचं नाव. मी यादी हातात घेऊन नुसती उभी राहिले. काय शोधणार होते?

मामा: चहा टाकू?

भाची: मामा.

मामा: ऐकतोय गं.

भाची: ते एकोणीसच्या एकोणीस बॉक्स तुझे आहेत. कोड फोडलेले.

मामा: मग काय करायला हवं होतं मी? तुझी ती वीस मिनिटं त्यांनी सगळ्यात महागड्या पॅकेजात घालून ठेवलीत. खेळ घ्या, सिनेमे घ्या, गाणी घ्या. हो, गाणी! हिला! दोनशे वाहिन्या विकत घ्या, तेव्हा कुठे तुझा तळहाताएवढा चौकोन दिसणार. आपण रेडिओचं बटण फिरवलं की बातम्या. आणि तिनं कान नाहीत म्हणून दंड भरायचा? आणि सिग्नल आभाळातून येतो, माझ्या गच्चीवर पडतो. मी काही त्यांच्या घरात शिरलो नव्हतो.

भाची: पण कुलूप होतं त्याला. तू ते उघडलंस.

मामा: उघडलं. कुणाकडून एक पैसा घेतला नाही.

भाची: माहीत आहे. म्हणून तर तुझ्याशी धड भांडताही येत नाही.

मामा: मग नको भांडूस. चेहरा बघ केवढासा झालाय.

भाची: दमलेय रे. आणि मी तरी कुठे धुतल्या तांदळाची आहे? पहिल्या वर्षी आले तेव्हाच बॉक्स पाहिला होता. मामीनं पडद्यावरच्या मला बोट लावलं, मग तेच बोट माझ्या गालाला लावलं. त्यानंतर कुठल्या तोंडानं विचारणार होते, बिल भरता का म्हणून? उलट बरं वाटलं. रोज कॅमेऱ्यासमोर उभी राहिले की वाटायचं, मामी समोर बसलीय.

मामा: तू विचारलं असतंस तरी मी काढला नसता.

भाची: तेही माहीत आहे.

मामा: आता घेऊ रीतसर. सगळ्यांनाच घ्यायला लावतो. उद्याच अर्ज देऊन येतो.

भाची: झाला निर्णय, मामा. महिनाभर त्यांनी बातम्यांखाली पट्टी फिरवली. हे बातमीपत्र चालू राहावं असं वाटत असेल तर मेसेज करा. ज्या नंबरावर जोडणी नोंदलेली आहे, त्याच फोनवरून.

मामा: हं.

भाची: हं काय? पाहिली होतीस तू पट्टी?

मामा: मामीनं पाहिली. ती सोडते होय काही वाचायचं?

भाची: मग?

मामा: मग केला तिनं मेसेज. उलट उत्तर आलं, हा नंबर आमच्या नोंदीत नाही. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. परत केला. रोज बातम्या संपल्या की चष्मा चढवून बसायची आणि एकेक अक्षर दाबायची. बाकीच्यांनाही तिनंच कामाला लावलं. सगळ्यांना तेच उत्तर. शेवटी फोन घेऊन माझ्याकडे आली दुकानात.

भाची: तू काय सांगितलंस?

मामा: रेंज नाही, म्हणून नंबर त्यांच्याकडे नीट पोचत नसेल, म्हटलं.

भाची: महिनाभर?

मामा: महिनाभर.

भाची: मामा, अरे...

मामा: काय सांगणार होतो? बाहेर सगळे तिला गंडवतात. कापडवाला कमी मापतो, सुटे पैसे परत देत नाही, वर हसतो. घरात कुणी फसवत नाही एवढाच एक भरवसा आहे तिला, एकतीस वर्षांचा. तो मोडवेना. वाटलं, बाकीच्या गावांतून जातीलच की मेसेज. आपले एकोणीस गेले नाहीत तर काय बिघडतंय.

भाची: बाकीच्या गावांतही एकेक मामा असणार. त्यालाही असंच वाटलं असणार.

मामा: तूच सांग तिला सगळं. तुझे हात कसे सफाईनं चालतात. माझी भाषा घरापुरती. पाणी दे, दार लाव, जेवलीस का. एवढं मोठं मला मांडता यायचं नाही.

भाची: बंद होतंय ते मी सांगते, ती माझी बातमी आहे. मेसेज का पोचले नाहीत, ते तू सांगायचं.

मामा: तिच्यासमोर हातच उचलायचे नाहीत माझे.

भाची: ते बघ, यंत्र थांबलं. विचारतेय, भिंतीशी काय कुजबुज चाललीय दोघांची. थांब, मी सांगते आधी. ...झालं. शुक्रवारचं सांगितलं.

मामा: काय म्हणाली?

भाची: म्हणते, असं कसं? आम्ही तर सगळे रोज मेसेज करत होतो.

मामा: अरे देवा.

भाची: जा आता. उजेडात बस, तिला नीट दिसेल असा.

मामा: बघ हं... हा बॉक्स... हा आपला नाही. म्हणजे... विकतचा नाही. मी उघडला. म्हणून तुझा फोन... त्यांच्याकडे नाव नाही. रेंज होती. रेंज होती गं. मी खोटं... मी खोटं बोललो तुझ्याशी. कळतंय का तिला?

भाची: कळलंय. मान खाली नको घालूस मामा, ती बोलतेय तुझ्याशी. वर बघ.

मामा: नाही बघवत. तूच सांग, काय म्हणतेय.

भाची: म्हणतेय, शिलाईचे पैसे होते माझ्याकडे. मला सांगितलं असतंस तर मी भरले असते.

मामा: आणखी काय म्हणतेय?

भाची: आणखी काही नाही. हात मांडीवर ठेवलेत तिनं.