नऊवारी आतडं

नाही, पण मला सांगा, जावयाला पाटावर बसवायचं, ताटात तुपात तळलेले पुरणाचे तेहतीस धोंडे वाढायचे, त्यातल्या कुठल्यातरी एकात सासूच्या गळ्यातल्या पोतीतला सोन्याचा मणी दडवायचा, आणि जावयाला त्यातलं काही म्हणजे काही सांगायचं नाही... ही काय रीत झाली? अधिक महिन्यात जावयाला धोंडे सगळेच खाऊ घालतात हो. पण नरडाण्याजवळच्या त्या छगनआबांच्या घरात हे मण्याचं खूळ पिढ्यान्‌पिढ्या. जावयानं धोंडा फोडायचा, मणी निघाला की बायकोच्या हातावर ठेवायचा, म्हणजे तिचं सौभाग्य अखंड. आणि आमचा झुलाल, शिरपूरचा, तुम्हाला सांगतो, हा गडी धोंडा फोडतच नाही. अख्खा टाकतो. वीसेक टाकले, ढेकर दिला, आणि हात धुवायला उठला.

सासूबाई, तानुबाई, ताटाकडे बघतायत. उरलेले धोंडे सगळे फोडले. मणी नाही. "जावईबुवा," म्हणाल्या, "तुम्हले दाताखाले काही लागनं नही का?" झुलाल म्हणतो, दाताखाली कशाला लागेल, दातापर्यंत गेलंय कोण? आणि मग जेव्हा त्याला मण्याचं कळलं ना, तेव्हा हात धुवायचंही विसरला. पोटावर हात ठेवून जागच्या जागी उभा. हलला तर टोचेल म्हणून. बरं, आत काय चाललंय ते बघावं तर पोटाला काय खिडकी असते हो?

धुळ्याचे एक डॉक्टर त्या दिवशी नरडाण्याला आलेले. बैलगाडीत घालून नेला. डॉक्टरांनी पाटीवर चित्र काढलं. हे तोंड. इथं चावायचं असतं, म्हणाले, झुलालकडे बघून. ही अन्ननळी. ही जठराची पिशवी, हिच्यात आंबट रस, चार तास नुसती घुसळण, अन्नाची पेज होते. पुढं लहान आतडं, बावीस फूट, वेटोळी घालून बसलेलं, तिथं सगळं सत्त्व रक्तात जातं. मग मोठं आतडं, पाच फूट, ते पाणी ओढून घेतं. आणि मग... ते तुम्हाला ठाऊक आहे. झुलाल म्हणाला, "आणि मणी?" डॉक्टर म्हणाले, सोनं काही पचत नाही, आपोआप येईल. तीन दिवस बघा. नाही आला तर अडकला समजा. मग धुळ्याला आणा, पोट उघडावं लागेल.

पोट उघडावं लागेल. हे इतक्या शांतपणे म्हणाले, तुम्हाला सांगतो, जणू डबा उघडायचाय. झुलालच्या कानात तेवढंच राहिलं.

तानुबाईंच्या डोक्यात मात्र दुसरंच. बावीस आणि पाच सत्तावीस. सत्तावीस फूट म्हणजे नऊ वार. म्हणजे बरोबर एक लुगडं! घरी आल्या आणि आपलं तांबडं लुगडं ओट्यापासून गोठ्यापर्यंत लांबच लांब अंथरलं, त्यावर मणी म्हणून ठेवला खडा, आणि वेळ बघून सरकवायला लागल्या. "आते आठे शे," म्हणायच्या, म्हणजे आता इथं आहे. गाव लोटलं बघायला. "उना का?" शेजारीण विचारते. उना का म्हणजे आला का. "नही उना." वाटेनं जाणारा गाडी थांबवून विचारतो, "उना का?" ज्याला तोंड दाखवावं तो हेच विचारतो. झुलाल तांब्या घेऊन शेताकडे निघाला की मागं चुलतमेहुणा भटू चाळण घेऊन. अरे, माणसाला काही अब्रू? आणि त्या माणसाला विचारा ना, रात्री पोटात नुसतं गुर्रर्र झालं की छाती कशी धडधडते! तो मणी कुठल्या वळणावर आडवा पडलाय, हे सांगणार कोण? पोटाला काय खिडकी असते हो?

दुसऱ्या दिवशी खडा सहाव्या वारावर. भटू चाळण झटकत म्हणाला, नही उना. एरंडेल झालं. केळी झाली. झुलालचं पोट रिकाम्या पोत्यासारखं लोंबलं, तरी नही उना. तिसऱ्या सकाळी खडा पदरावर आला आणि लुगडं संपलं. आता कुठं सरकवणार? तानुबाई खडा हातात धरून बसल्या. बायको ताईबाई रडायला लागली, आणि ती रडतेय म्हटल्यावर झुलालला खात्रीच पटली, आता पोट उघडणार.

गाडी जुंपली. झुलाल आत आडवा. "ताईबाई," म्हणाला, "तांबडा बैल मारका शे, त्याच्यासमोर जाऊ नको." आणि खरंच रडला हो. भीती वाटत होती त्याला. वाटणारच, पंचवीस वर्षांचा पोरगा.

इतक्यात सासरे, छगनआबा, नाल्याकडून आले. एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताची मूठ झाकलेली. कोणाकडे बघेनात. गाडीपाशी आले, मूठ उघडली. मणी.

आबा बोलले, जमिनीकडे बघून. "रांधताना एक धोंडा उचलेल व्हता मी. गरम व्हता. चावता उनं नही." म्हणजे जावयाच्या आधी तोंड लावलं, हे तानुबाईंना कळू नये म्हणून हा माणूस तीन दिवस गप्प! जावई गाडीत चढेपर्यंत गप्प!

तानुबाईंनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं. मणी घेतला. उकळत्या पाण्यातून तीनदा काढला. आणि चूल पेटवली... कारण उद्या अधिक महिना संपतो, आणि रीत राहिलेली. नवा धोंडा, नवं ताट, जावई पुन्हा पाटावर. "आते फोडीसन खावा," म्हणाल्या.

झुलालनं फोडला. मणी काढला, ताईबाईच्या हातावर ठेवला. सौभाग्य अखंड. पण धोंडा उरला ना ताटात. सगळं घर बघतंय. आबाही बघतायत. सासरच्या ताटात टाकून उठायचं कसं?

खाल्ला. काय करतो बिचारा... अधिक महिना तीन वर्षांनी येतो, तेवढाच काय तो धीर.