व्यायाम नको

सिस्टर : …आणि शेवटचं कधी खाल्लंत, ताई?

बायको : काल रात्री आठला. त्यानंतर फक्त पाणी.

नवरा : मीही सकाळचा चहा घेतला नाही, सिस्टर. हिला सोबत म्हणून.

बायको : खाली कँटीनमध्ये घेतलास की.

नवरा : अर्धाच.

सिस्टर : बोट द्या, साखर बघते. एकशे दोन. छान. आता सांगा, काल दिवसभरात काही व्यायाम, जड काम?

नवरा : छे! स्कॅनच्या सूचनांचा कागद मी वाचलाय. ‘व्यायाम नको’ असं लिहिलं होतं. ही कसला व्यायाम करतेय!

सिस्टर : मी ताईंना विचारलं.

बायको : नाही हो. घरातलंच, रोजचं.

सिस्टर : रोजचं म्हणजे?

बायको : पडदे धुतले. मशीन बिघडलंय, म्हणून हातानेच. पंखे पुसले. गाद्या गच्चीवर नेल्या, उन्हं उतरल्यावर खाली आणल्या. लिफ्ट बंद होती, तर लेकीला कडेवर घेऊन चार जिने. दोनदा.

सिस्टर : अहो, आत्ताच तर सहा केमो संपल्यात तुमच्या!

बायको : याच्या आई दुपारी येणार होत्या. आज इंजेक्शननंतर अंगात किरणं असतात, म्हणून मला दिवसभर लेकीपासून लांब राहायचंय ना, तिला सांभाळायला. तर हा म्हणाला, आई येतेय, घर जरा बघण्यासारखं कर.

नवरा : जरा म्हटलं होतं मी. जरा!

बायको : हो. आणि आई पंख्याच्या पातीवर बोट फिरवून बघतात, ते जराच.

सिस्टर : थांबा दोघंही. ताई, नीट ऐका. आम्ही देतो ते औषध साखरेसारखं असतं. शरीरात जे भुकेलेलं असेल ते ती साखर ओढून घेतं आणि स्कॅनमध्ये चमकतं. कॅन्सरची गाठ भुकेलीच असते. पण काल राबलेले स्नायूही तितकेच भुकेले असतात. तुमच्या गाठी कुठे होत्या?

बायको : मानेत. काखेत.

सिस्टर : आणि पडदे कशाने पिळलेत?

[सिस्टर आत जाऊन डॉक्टरांशी बोलून येते.]

सिस्टर : आज नको म्हणाले. नुसते खांदेच पेटलेले दिसले, तर गाठ उरलीय की गेलीय ते कळणार नाही. विनाकारण आणखी केमो लावली तर? परवा सकाळी या.

नवरा : परवा? मी आजची रजा कशी काढलीय, माझं मला माहीत!

बायको : मी तीन आठवडे झोपले नाहीये. रोज अंघोळ करताना काखेत बोटं घालून चाचपते. आज कळणार होतं मला.

नवरा : मग विचारायचंस ना मला, चालेल का म्हणून!

बायको : तुझ्यासमोर बादली होती. पाय वर घेतलेस तू, फरशी पुसता यावी म्हणून.

नवरा : अगं, पण कागदावर व्यायाम लिहिलं होतं. पडदे-बिडदे कुठे लिहिलं होतं?

सिस्टर : पुढच्या ओळीत आहे, साहेब. ‘श्रमाचं काम टाळावं.’

नवरा : ते वाचलं मी. मला वाटलं, म्हणजे ओझी उचलणं वगैरे.

बायको : लेक चौदा किलोची आहे.

सिस्टर : उद्या त्यांना काहीही करू देऊ नका. झाडू नाही, पीठ मळणं नाही, मुलीला उचलणंसुद्धा नाही. थंडी वाजली तरी अंग साखर ओढतं, म्हणून गरम कपडे घालून नुसतं पडून राहायचं. ताई, जमेल ना?

बायको : मला काय विचारता? पडून राहायला मला येतं. फक्त लेक पलंगाशी येऊन हात वर करून उभी राहते हो. तेव्हा काय करू, तेवढं सांगा.

सिस्टर : …यांना उचलू द्या.

नवरा : बरं, काढतो उद्याही रजा. आईलाही सांगतो, परवाच ये. उद्या सगळं मीच बघतो, झालं?

बायको : बघ.

नवरा : असं तोडून बोलू नकोस. करतो म्हणालो ना? फक्त सांगून ठेव, सकाळी पहिलं काय असतं?

बायको : पहिलं पाचला उठायचं असतं.