बापाच्या हातातला ब्रेक

छे छे छे, माणूस म्हणावं का याला! तुम्हाला सांगतो… नाही, आधी तुम्हीच सांगा, शेवटी काय झालं असेल? लावा पैज! गाडी नाल्यात गेली? नाही. पोरगी घर सोडून गेली? अहो नाही! पोलिसांनी धरलं? हॅट्! तुमच्या डोक्यात येणारच नाही, कारण तुमच्या डोक्यात मेंदू आहे, आणि आमच्या समोरच्या त्या चष्मेवाल्याच्या डोक्यात… जाऊ दे, ऐका.

तर हा चष्मेवाला. याची थोरली झाली अठराची, शिकाऊ लायसन आलं, आणि बिचारी म्हणाली, "पप्पा, मला ड्रायव्हिंग क्लासला घाला ना." झालं! असा उसळला, जसं काही पोरीनं याची किडनी मागितली! "क्लास? वीस वर्षं चालवतोय मी, साधा ओरखडा नाही गाडीला! घरात बाप बसलाय आणि बाहेरचा मास्तर कशाला?"

याची बायको नर्स, हाडांच्या वॉर्डात. ती म्हणाली, "अहो, मी रोज बघते. मिसरूड फुटलेलं नसतं अशी पोरं येतात, पाय नुसता लोंबत असतो. तिला नीट शिकू द्या." यावर हा गाढव काय म्हणतो? "त्यांचे बाप कुठे वीस वर्षं चालवतायत!"

आता बोला! डोकं आपटायला भिंत तरी कुठली शोधायची?

आणि ते शिकवणं… अरारारा! याचं चष्म्याचं दुकान बंद असलं की बापलेक निघाले घरामागच्या मोकळ्या मैदानावर. पोरगी आरशात बघते, की हा खेकसला, "मागे काय बघतेस, आपण पुढे चाललोय ना?" पोरगी पट्टा लावते, तर हा म्हणतो, "शर्टाची इस्त्री मोडते!" वळायचा दिवा लावला, तर म्हणे, "आपण कुठे वळणार ते जगाला कशाला सांगायचं?" हा माणूस वीस वर्षं जिवंत कसा राहिला, हेच मला कळत नाही! समोरच्यांनी ब्रेक मारले म्हणून, दुसरं काय!

ब्रेकवरून आठवलं. हा शेजारी बसलेला, आणि याचा एक हात कायम हँडब्रेकच्या दांडीवर. कुत्रं दिसलं, "ब्रेऽऽक!" आणि पोरीचा पाय हलायच्या आत यानंच दांडी खेचली. खर्रर्र… गाडी उभी. पोरगी म्हणते, "पप्पा, मला दाबू द्या ना एकदा!" आणि पाय घातलाच तर गुडघ्यावर चापट! "क्लच न दाबता ब्रेक मारतेस, गाडी बंद पडते! मी ओढतोय ना? तू दोन्ही पाय उचलून गप्प बस!"

गप्प बस! महिनाभर हेच. मग पोरगी काय शिकली, सांगा बघू? 'ब्रेक' अशी आरोळी आली की दोन्ही पाय वर घ्यायचे, गाडी आपली आपण थांबते! दुसरं काय शिकणार? आईनं खिडकीतून सांगून पाहिलं, "तिचा पाय तिला वापरू द्या हो!" तर उत्तर तयार, "वीस वर्षं चालवतोय मी!"

आली लायसनची परीक्षा तोंडावर. आदल्या दिवशी साहेबांना वाटलं, गाडी शेडमध्ये लावायचा सराव करून घेऊ. आणि पहिल्यांदाच हा गाडीतून उतरला. उतरला तो उतरला, वर शेडच्या भिंतीला पाठ लावून गाडीसमोरच उभा! बायको खिडकीतून ओरडली, "अहो, बाजूला व्हा!" तर हा हात हलवतोय, "काही होत नाही! ये… ये… ये बाळा… ये…"

गाडी आली. पहिल्या गिअरमध्ये, सावकाश, अगदी अदबीनं.

"ब्रेक!"

पोरीनं दोन्ही पाय उचलले.

"ब्रेऽऽक!"

पोरगी बघतेय शेजारच्या रिकाम्या सीटकडे, आणि रडकुंडीला येऊन ओरडली, "पप्पा, ओढा ना!"

तुम्ही हसताय? मीपण हसलो असतो हो. पण ती किंकाळी… बंपर, भिंत, आणि मध्ये याचा उजवा गुडघा. पोरगी दोन दिवस जेवली नाही. म्हणे, "मी पप्पांना मारलं." अगं बाई, तू काय मारलंस? तुला शिकवलं तेच केलंस की! त्याच्या जागी रांगतं पोर असतं तर? या शहाण्याच्या डोक्यात तेव्हाही वीस वर्षंच!

नेला तो बायकोच्याच वॉर्डात. पट्ट्या बांधून झाल्या आणि हा कण्हत म्हणतो, "अगं, पण वीस वर्षं…" तिनं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "पाय हलवू नका." आणि सकाळी ड्युटी संपल्यावर पोरीला घेऊन सरळ क्लासवर. तिथल्या बाईंच्या बाजूलाही ब्रेक असतो. त्या म्हणाल्या, "जीवावर बेतलं तरच मी दाबणार. एरवी तूच." पोरगी आधी पाय उचलायची, मग शिकली. पास झाली, गाडी झकास चालवते.

आणि बाप? गुडघ्यात सळई. पाय वाकत नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी विसरा, कायमची. पोरीला ब्रेक दाबायला शिकवायचं म्हणून एक अख्खा गुडघा मोजला या माणसानं! आता तो पाय सरळ पसरून दुकानात बसतो. येणारी गिऱ्हाइकं त्यालाच अडखळून पडतात. तर हा उलट त्यांच्यावरच डाफरतो, "डोळे फुटलेत का?"

आणि मग त्यांना चष्मा विकतो. काय बोलणार!